सपाट गच्चीवरचा स्कायलाइट गळतोय? आधी पाण्याची वाट शोधा

स्कायलाइट गळायला लागला की बहुतेक जण गच्चीवर जाऊन काचेच्या कडेने सिलिकॉनची जाड रेघ ओढून येतात. एखादा पाऊस ती रेघ निभावून नेते आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा त्याच कोपऱ्यातून टपकते. कारण अनेकदा दोष काचेच्या कडेला नसतोच. तो असतो खाली, स्कायलाइटचा कट्टा स्लॅबला मिळतो तिथे, नाहीतर फ्रेम कट्ट्यावर बसते त्या सांध्यात. शिवाय वरून मारलेल्या सिलिकॉनने फ्रेममधली पाणी बाहेर सोडणारी छिद्रे बुजली तर गळती कमी होण्याऐवजी वाढते. म्हणून या कामातला निम्मा वेळ शोधण्यात गेला तरी तो वाया गेला असे समजू नका.

पाणी अडवणारे चार टप्पे असतात. सर्वांत वर काच, पॉलिकार्बोनेटचा पत्रा किंवा घुमट. त्याखाली फ्रेम, बहुधा ॲल्युमिनियमची. फ्रेमच्या खाली विटांचा किंवा काँक्रीटचा कट्टा, ज्याच्या बाहेरच्या अंगावर फ्रेमची धातूची झालर उतरलेली असते. आणि शेवटी कट्टा व स्लॅब यांच्या काटकोनात मारलेला तिरपा मसाला, ज्याला गवंडी वाटा म्हणतात, आणि त्यावरून चढवलेला गच्चीचा जलरोधक थर. वरचा थर नेहमी खालच्या थराच्या बाहेरून उतरला पाहिजे. हा क्रम जिथे उलटला असेल तिथे पाणी आत जाणार, मग मसाला कितीही महाग वापरा.

सुरक्षिततेचे आधी सांगतो. काचेवर, पॉलिकार्बोनेटवर किंवा घुमटावर पाय ठेवू नका, टेकूही नका. जुने पॉलिकार्बोनेट उन्हाने ठिसूळ झालेले असते आणि बाहेरून ते कळत नाही. मधल्या भागापर्यंत हात पोचत नसेल तर दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांवर भक्कम फळी टाकून तिच्यावरून काम करा. खालच्या खोलीतली स्कायलाइटजवळच्या दिव्यांची वीज बंद ठेवा आणि खाली कोणाला बसू देऊ नका.

गळती आहे की दव?

थंड पाण्याच्या तांब्यावर जसे थेंब जमतात, तसेच ते काचेच्या आतल्या बाजूला जमतात. पाऊस नसताना पहाटे थेंब दिसत असतील, ते काचभर सारखे पसरलेले असतील आणि खाली स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर असेल, तर ती गळती नाही. शंका राहिली तर काचेचा आतला भाग कोरडा पुसून एक वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूवर आले तर ते हवेतल्या बाष्पाचे. प्लास्टिक आणि काच यांच्या मध्ये पाणी आले तर ते काचेच्या बाजूने शिरते आहे. दवाला सिलिकॉन हा उपाय नाही. बाष्प बाहेर काढणारा पंखा लावा, फ्रेमच्या आतल्या पन्हळीतली घाण काढा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर दुहेरी काच बसवा.

डाग काय सांगतात

छताला, म्हणजे स्कायलाइटसाठी स्लॅबमध्ये ठेवलेल्या उघड्याच्या खालच्या कडेभोवती, ओल पसरली असेल आणि पाऊस थांबल्यावर काही तासांनी टपकणे सुरू होत असेल, तर संशय स्लॅब आणि कट्ट्याच्या सांध्यावर घ्या. पाणी आधी कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या उताराच्या थरात, मुरते, मग वाट शोधत खाली येते, म्हणून उशीर लागतो. आतल्या उभ्या अंगावर वरून खाली ओघळ असतील तर फ्रेमची बसण सुटली आहे. पाऊस सुरू होताच थेंब थेट फ्रेमच्या कडेवरून पडत असतील तर काचेचे रबर, फ्रेमचा कोपरा किंवा एखादा स्क्रू. आणि वाऱ्याच्या पावसातच गळत असेल, सरळ पावसात नसेल, तर झालर आखूड आहे किंवा तिच्या मागून पाणी वर ढकलले जाते आहे.

उघड्याच्या कोपऱ्यांतून स्लॅबमध्ये तिरप्या, साधारण ४५ अंशांच्या भेगा गेल्या आहेत का तेही पाहा. आतल्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो, त्यामुळे भेग तिथूनच सुरू होते. भेगेच्या दोन्ही बाजूंची पातळी बदललेली असेल, ती रुंदावत असेल किंवा आतली सळई गंजून मसाला फुगला असेल, तर जलरोधकाच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पाण्याची चाचणी: खालून वर

निदान दोन दिवस कोरडे गेल्यावरच ही चाचणी करा. एक जण वर पाइप घेऊन, एक जण खाली विजेरी घेऊन. पाइपाला तोटी लावू नका, जोराच्या फवाऱ्याने पाणी अशा जागी घुसते जिथे पाऊस कधीच पोचत नाही, आणि निष्कर्ष चुकतो.

सुरुवात स्लॅबपासून. कट्ट्यापासून ३०० मिमी अंतरावर चिकणमातीचा किंवा कच्च्या मसाल्याचा ५० मिमी उंच बांध घाला आणि त्यात २५ ते ३० मिमी पाणी भरा. कट्ट्याच्या अंगावर पाणी उडू देऊ नका. ३० मिमी पाण्याचा भार दर चौरस मीटरला ३० किलो होतो. काँक्रीटच्या सुस्थितीतल्या स्लॅबला तो जड नाही, पण लाकडी किंवा पत्र्याच्या छतावर पाणी साठवून चाचणी करू नका. हा टप्पा २४ तास ठेवा, कारण स्लॅबमधले पाणी सावकाश उतरते. खाली ओल आली तर उत्तर मिळाले.

नाही आली तर पाणी काढून टाका आणि कट्ट्याच्या एका बाजूच्या अंगावर झालरीच्या खालपर्यंत १५ मिनिटे पाणी सोडा. मग दुसरी बाजू, तिसरी, चौथी. त्यानंतर झालर आणि फ्रेमचा सांधा, त्यानंतर काचेची कड, सर्वांत शेवटी काचेचा मधला भाग. प्रत्येक पायरीला १५ मिनिटे. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळ्याच सांध्यांवरून जाते आणि गळती कुठल्या सांध्याची ते कळत नाही. घाई करायचा मोह इथेच होतो. एका पायरीला थेंब आला की तिथेच थांबून खडूने खूण करा. मात्र तो दोष दुरुस्त झाल्यावर वरच्या पायऱ्याही पुन्हा तपासा, कारण जुन्या स्कायलाइटला बऱ्याचदा दोन दोष असतात.

कट्टा आणि स्लॅबचा सांधा

सर्वांत कष्टाचे काम हेच आहे. कट्टा स्लॅबनंतर बांधलेला असतो, म्हणजे दोघांमध्ये मुळातच एक सांधा राहिलेला असतो. ऊन-पावसात स्लॅब आणि कट्टा वेगवेगळे आकुंचन-प्रसरण पावतात, आणि सरळ काटकोनात मारलेला गिलावा तिथे केसाएवढा फाटतो.

आधी कट्ट्याची उंची मोजा. गच्चीच्या तयार पृष्ठभागापासून निदान १५० मिमी हवी. वर्षानुवर्षे कोब्यावर कोबा चढवल्याने अनेक ठिकाणी ती ७०-८० मिमीवर आलेली असते. मग जोराच्या पावसात उडणारे आणि तुंबणारे पाणी थेट फ्रेमखाली पोचते. अशा ठिकाणी फ्रेम उतरवून कट्टा वाढवणे हाच खरा उपाय आहे, त्याला पर्याय शोधत बसू नका.

कट्ट्याच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना, म्हणजे उभ्या अंगावर आणि स्लॅबवर, १०० मिमी रुंदीचा सैल व पोकळ गिलावा छन्नीने काढा. हातोडीने हलके ठोकत जा, बद्द आवाज येतो तो सगळा भाग पोकळ आहे. जुने सिलिकॉन असलेल्या जागी नुसते खरवडून भागत नाही, त्याचे तेल गिलाव्यात मुरलेले असते आणि त्यावर कुठलाच थर धरत नाही. तिथे ३ ते ५ मिमी थर छन्नीने उडवा. तारेच्या ब्रशने घासा, धुवा, आणि सांध्यात १० मिमी रुंद, १० मिमी खोल खाच पाडून ती न आकसणाऱ्या पॉलिमर मसाल्याने भरा. कोपऱ्यातून निघालेली, ऊन-सावलीत उघडझाप करणारी भेग असेल तर मात्र तिच्या खाचेत मसाला नको. तळाशी चिकटपट्टीचा एक तुकडा टाकून वर पॉलियुरेथेन सीलंट भरा. चिकटपट्टीमुळे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतो आणि रबरासारखा ताणता येतो. तिन्ही बाजूंना चिकटला तर पहिल्याच उन्हाळ्यात फाटतो.

आता वाटा. ५० मिमी बाय ५० मिमीचा हवा. मसाला १ भाग एसबीआर लॅटेक्स (सिमेंटमध्ये मिसळायचे दुधासारखे रबरी द्रव), ५ भाग सिमेंट, १५ भाग स्वच्छ वाळू, हे प्रमाण वजनाने घ्या. पाणी लॅटेक्समध्ये मिसळून, थापीला धरेल एवढेच. मारण्याआधी पृष्ठभाग ओला करून साठलेले पाणी पुसा आणि लॅटेक्स व पाणी समप्रमाणात घेऊन त्यात सिमेंट कालवलेला गाळ ब्रशने फासा. तो चिकट असतानाच वाटा मारला पाहिजे. गाळ सुकला तर तो चिकटवण्याऐवजी वेगळे करणारा थर बनतो, अशा वेळी खरवडून पुन्हा फासा. वाट्याला गोलाई द्या. कट्ट्याच्या बाहेरच्या धारदार कडाही १० मिमी बोथट करा, कारण धारेवर कुठलाही लेप पातळ पडतो आणि तिथेच आधी झिजतो. वाटा एक-दोन दिवस ओला ठेवा, मग हवेत सुकू द्या.

लेप दोन प्रकारांतून निवडा. सिमेंट-ॲक्रिलिकचा दोन घटकांचा लेप किंचित ओलसर पृष्ठभागावर चालतो, किंबहुना अगदी कोरड्यावर तो लवकर सुकून भुकटी होतो. पॉलियुरेथेनचा लेप मात्र पूर्ण कोरडे मागतो. ओलीवर लावला तर त्यात वायूचे बुडबुडे येतात आणि नंतर तिथेच भोके पडतात. कोरडे झाले की नाही हे पाहायला अर्धा मीटर चौरस प्लास्टिक कडांनी चिकटवून १६ तास ठेवा. खाली दव किंवा काळपट डाग दिसला तर थांबा.

लेप कट्ट्याच्या माथ्यावरून, बाहेरच्या अंगावरून, वाट्यावरून स्लॅबवर ३०० मिमीपर्यंत अखंड न्या. म्हणूनच फ्रेम काढता येत असेल तर काढून काम करावे. नाही निघाली तर निदान झालर वर उचलून लेप तिच्या मागे शक्य तितका वर न्या. झालरीच्या बाहेरून लावलेला लेप म्हणजे उलटा क्रम. पहिला थर ओला असतानाच फायबरची जाळी त्यात दाबा, जोडांना १०० मिमी चढ द्या, आणि चारही कोपऱ्यांत १५० मिमी चौरस जाळीचे वेगळे तुकडे आधी बसवा. कोपऱ्यात जाळी ताणून बसवली तर तिच्यामागे पोकळी राहते. दुसरा थर पहिल्याच्या आडव्या दिशेने. दोन थरांमधला वेळ डब्यावर दिलेला असेल तोच पाळा. पॉलियुरेथेन उन्हात खडूसारखे होणाऱ्या जातीचे असेल तर वर ऊन सोसणारा रंगथर लागतो.

किती माल लागेल? स्कायलाइटचे उघडे १.२ मीटर बाय १.२ मीटर, कट्टा १०० मिमी जाड आणि २०० मिमी उंच असे धरू. कट्ट्याचा बाहेरचा घेर ५.६ मीटर. लेपाचे क्षेत्रफळ माथा, अंग आणि ३०० मिमीचा पट्टा मिळून साधारण ३.७ चौरस मीटर. दोन थरांना मिळून चौरस मीटरला २ किलो लागणारा लेप असेल तर ७.५ किलो, थोडी नासधूस धरून ८ किलो घ्या. जाळी ४.५ चौरस मीटर. वाट्यासाठी १५ किलोच्या आसपास मसाला, म्हणजे ३.५ किलो सिमेंट, १०.५ किलो वाळू आणि ७०० ग्रॅम लॅटेक्स. खाचा आणि गाळासाठीचे साहित्य याखेरीज.

गच्चीवर बिटुमेनची शीट किंवा रबराचे आच्छादन असेल तर वरचा लेप चालणार नाही. ठिगळ आच्छादनाच्याच जातीचे हवे, फाटलेल्या जागेच्या चारही बाजूंना १५० मिमी बाहेर जाणारे आणि कोपरे गोल कापलेले, म्हणजे ते उचकटत नाहीत. ईपीडीएम रबरावर सिलिकॉन टिकत नाही, त्याला त्याचाच प्रायमर आणि पट्टी लागते. पीव्हीसीच्या शीटवर बिटुमेन लावले तर शीट कडक होऊन फाटते. आणि ॲक्रिलिकच्या घुमटाजवळ किंवा लाकडी कट्ट्याशी बिटुमेनची शीट चिकटवायला गॅसची ज्योत वापरू नका, तिथे थंड चिकटणारी शीट घ्या.

फ्रेमची बसण आणि झालर

फ्रेम उचलल्यावर कट्ट्याचा माथा साफ करून पट्टीने तपासा. ३ मिमीपेक्षा जास्त खाचखळगे असतील तर भरून घ्या, कारण बसणीची पट्टी खड्डे भरून काढू शकत नाही. माथ्यावर ब्युटाइलची, म्हणजे चिकट मऊ रबराची, सलग पट्टी लावा, जोड कोपऱ्यात न आणता सरळ बाजूला आणा आणि टोके २५ मिमी एकमेकांवर चढवा. फ्रेम एकदाच नेमकी वरून ठेवा, सरकवू नका.

स्क्रू शक्यतो झालरीच्या उभ्या अंगातून आडवे मारा. माथ्यावरून उभा मारलेला प्रत्येक स्क्रू पाण्याला सरळ भोक देतो. ते स्टेनलेस स्टीलचे असावेत, खाली ईपीडीएमचा वॉशर. वॉशर किंचित दबेपर्यंतच आवळा. तो बाहेर फुगून आला तर जास्त आवळले गेले, आणि काही महिन्यांत तो चिरतो.

झालर कट्ट्याच्या अंगावर निदान ७५ मिमी खाली उतरावी, तिची खालची कड किंचित बाहेर वळलेली असावी, म्हणजे पाणी तिथून सुटून पडते. ही खालची कड सीलंटने बंद करू नका. चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायची तीच वाट आहे.

काचेची कड

आधी फ्रेमच्या खालच्या बाजूला पाणी सोडणारी बारीक छिद्रे शोधा. धूळ, मुंग्यांची माती किंवा आधीच्या दुरुस्तीतले सिलिकॉन यांनी ती बंद असतात. बारीक तारेने मोकळी करा आणि फ्रेमच्या पन्हळीत थोडे पाणी ओतून ते बाहेर येते का पाहा. कधी कधी दुरुस्ती एवढ्यावरच संपते.

रबर कडक होऊन कोपऱ्यात आखडले असेल तर पूर्ण बदला. नवे रबर ताणून बसवू नका, उलट थोडे जास्त ठेवून आत दाबा, नाहीतर ते काही दिवसांत मागे सरकून कोपरा उघडा पाडते.

सीलंट बदलायचा तर जुना पात्याने पूर्ण काढा, जुन्यावर नवा धरत नाही. काच आणि धातू आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि ते उडून जाण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पॉलिकार्बोनेटला ॲसिटोन किंवा थिनर लावू नका, त्याला बारीक तडे जातात. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर जातीचे घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे धातू गंजवते आणि सिमेंटवर नीट धरत नाही. पॉलिकार्बोनेटसाठी तर त्याच्याशी जुळते असे डब्यावर स्पष्ट लिहिलेले हवे. फटीत बॅकर रॉड म्हणून मिळणारी फोमची दोरी फटीपेक्षा पाव पट जाड घेऊन दाबा, आणि वर रुंदीच्या निम्म्या खोलीचा सीलंट भरा, मात्र ६ मिमीपेक्षा कमी नको. १० मिमी रुंद, ६ मिमी खोल फटीला मीटरमागे ६० मिलि लागते, म्हणजे ३०० मिलीची एक नळी ५ मीटर जाते. वर सांगितलेल्या स्कायलाइटच्या उघड्याच्या ४.८ मीटर घेराला एक नळी अगदी काठावर पुरेल, दोन आणा. साल धरण्याआधी एकाच दमात दाबून गुळगुळीत करा.

पॉलिकार्बोनेट उन्हाने फार वाढते, मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०६५ मिमी. २ मीटरचा पत्रा ५० अंशांच्या फरकात ६.५ मिमी हलतो. त्याची भोके स्क्रूपेक्षा मोठी नसतील तर पत्रा भोकाशी चिरतो आणि कितीही सीलंट भरा, गळती परत येते. काच अगदी सपाट बसवलेली असेल तर तिच्यावर डबके साचून कड कायम भिजत राहते. निदान ५ अंश, म्हणजे मीटरला ९ सेंमी उतार मिळेल असा एका बाजूचा कट्टा उचलून घ्या.

गच्चीच्या चढाकडच्या बाजूला कट्ट्यामागे पाणी अडत असेल, तर तिथे मसाल्याची दोन्हीकडे उतरती छोटी उंचवटी करून पाणी बाजूंनी वळवा. ती लेपाच्या आधी करायची.

पाऊस सुरू असताना

कुठलाही लेप लावू नका. ताडपत्री कट्ट्याच्या चारही बाजूंनी खाली उतरेल एवढी मोठी घ्या, मधोमध कट्ट्यावर टेकणाऱ्या फळ्यांचा आधार देऊन उंच करा आणि कडा कट्ट्याभोवती दोरीने बांधा. सपाट ताणली तर पाणी साचून तिचे वजन काचेवर येते. फट नेमकी ठाऊक असेल आणि ती पुसून कोरडी करता येत असेल तर ॲल्युमिनियमच्या पाठीची ब्युटाइल पट्टी दाबून लावा. ती तात्पुरतीच आहे, पक्के काम करताना पूर्ण काढावी लागते.

दुरुस्तीनंतर

सिलिकॉन दिवसाला साधारण २ ते ३ मिमी खोलीपर्यंत पिकते, म्हणून तीन दिवस पाणी लावू नका. लेपाला डब्यावर सांगितलेला पूर्ण वेळ द्या, मग तीच खालून वर जाणारी चाचणी पुन्हा घ्या.

इथे एक गोष्ट गोंधळात टाकते. कोब्यात आधी मुरलेले पाणी दुरुस्तीनंतरही काही दिवस झिरपत राहते. ते रोज कमी होत असेल आणि गच्चीवर पाणी ओतल्यावर वाढत नसेल तर नवे काम उखडू नका. खोलीतल्या छताला रंग द्यायची घाईही करू नका. गिलावा पूर्ण वाळू द्या, त्यावर आलेला पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडून काढा. ओल्या फडक्याने पुसला तर तो विरघळून पुन्हा आत जातो आणि नवा रंग पोपडे धरतो.